हिरव्या मेणाची सनद

"हिरवं मेण काढ, गोबेर, कायमच्या सनदेचं. आज तुझीच सनद आहे," म्हणत कारकून ओब्रीने चर्मपत्र त्याच्यापुढे सरकवलं.

गोबेरचे हात थबकले. पॅरिसच्या राजवाड्यात, मोहरेच्या खोलीत मेण तापवण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. त्याआधी त्याच्या बापाची. या कामाला अट एकच: माणूस निरक्षर हवा आणि तसंच राहीन अशी त्याने शपथ घ्यायची, म्हणजे दरबारची गुपितं फुटायची नाहीत. त्याची लेक एर्मलीन मठात वाचायला शिकली होती. "बाबा, निदान आपलं नाव तरी ओळखा," म्हणून मागे लागायची. तो तिला हात जोडायचा. शपथ म्हणजे शपथ.

पण ज्यांच्यासाठी शपथ घेतली त्यांचंच घराणं बुडालं. सव्वातीनशे वर्षं बापामागून मुलगा गादीवर बसत आला होता. मग कुणाची दृष्ट लागली कोण जाणे, चौदा वर्षांत तीन सख्खे भाऊ राजे झाले आणि गेले, मागे एकाचाही मुलगा उरला नाही. धाकट्याची राणी गरोदर होती. दोन महिने सगळा देश तिच्याकडे डोळे लावून बसला, आणि झाली मुलगी. गादी चुलत घराण्याकडे गेली. जुनी मोहर फोडली, आणि नोकरांना आपापल्या सनदा नव्याने करून घ्याव्या लागल्या.

"जावयाचं नाव घातलंस ना? मला मुलगा नाही. माझ्यामागे हे काम लेकीच्या घरात राहिलं पाहिजे."

"घातलं रे बाबा. वीस वर्षं एका ताटात जेवलो, अजून भरवसा नाही?"

गोबेर खजील झाला. त्याने मेण कोमट पाण्यात मळलं, रेशमी दोरी त्यात नीट बसवली, साचा दाबला. इतकी सुबक मोहर त्याने कुठल्या तहनाम्यावरही उठवली नव्हती. "नोंद झाली की देतो," म्हणत ओब्री सनद घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, ओब्री कोपऱ्यात लिहीत बसला असताना, पंचविशीचा एक गडी खोलीत आला. हातात तीच सनद. मेणाच्या पाठीवर गोबेरच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत होता.

"काका, मेण इथंच तापवतात ना? मी ओब्रीमामांचा भाचा. आजपासून इथं नेमलंय मला."

"ही सनद तुझी?"

"हो की. हे बघा." तो घडाघडा वाचू लागला.

"तुला वाचता येतं?"

"न यायला काय झालं? मामांनीच शिकवलंय."

"पुढं वाच," गोबेर म्हणाला.

"'मेण तापवणारा गोबेर वारल्यामुळे, आणि त्यास मुलगा नसल्यामुळे, ही जागा रिकामी झाली असून...' तुमच्या ओळखीचे होते का हे?"

कोपऱ्यातल्या मेजावर ओब्रीची लेखणी थांबली. "जिवंत माणसाची जागा दुसऱ्याला देता येत नाही," तो मान वर न करता म्हणाला. "कागदापुरतं आहे ते. आणि गोबेर, लेकीच्या नात्यानं राज्य जात नाही आता, तुझी जागा कुठून जाणार?"

"माझ्याच हातानं मला गाडायला लावलंस," गोबेर म्हणाला. आवाज चढवायची ताकदही त्याच्यात उरली नव्हती. मग तो त्या ओशाळलेल्या गड्याकडे वळला. "यात गोबेर कुठं लिहिलंय, दाखव."

गड्याने बोट ठेवलं. गोबेर वाकून बघत राहिला.

"आणि हा शेजारचा शब्द?"

"वारल्यामुळे."

गोबेरने दोन्ही शब्द पुन्हा एकदा नीट पाहून घेतले आणि मेणाने कडक झालेल्या अंगरख्याची गाठ सोडू लागला.