साखर राहिली

उमेळे गावात हळदीच्या मांडवात विहिणीला गाण्यातून चिडवतात, नि गाणं संपलं की चिडवणारीनेच तिच्या तोंडात साखर घालायची असते. साखर विरघळते, तसा रागही विरघळतो. उन्नतीचं गाणं सगळ्यांत झोंबरं, पण साखरेची मूठही तिचीच मोठी.

या गाण्यांसाठी बायकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर उन्नतीची धाकटी जाऊ विनया हिने एक फॉरवर्ड टाकला: गोवरच्या लसीने पोरं मंद होतात. खाली लिहिलं, "हे खरं का गं, ताई? उद्या आमच्या दिपूला लशीला न्यायचंय."

खोटंच होतं ते. उन्नतीला ठाऊक होतं. पण साधं 'नाही गं' लिहायचं सोडून तिने गाऊन पाठवलं:

विनयाबाई शिकल्या गं मोबाईलच्या शाळेत,
डॉक्टर उभा दारात नि फॉरवर्ड यांच्या गळ्यात!

हसऱ्या तोंडांची रांग लागली. ग्रुपमधल्या फेलिशियाने लिहिलं, "अगो, मारलंस तिला!" विनया ग्रुपमधून बाहेर पडल्याचं खाली उमटलं. "रुसली बाय!" म्हणत सगळ्या पुन्हा हसल्या. उन्नतीही हसली. सांगायचं ते सांगून झालं, असंच तिला वाटलं.

विनया दिपूला घेऊन गेलीच नाही. पुन्हा कुणाला विचारलंही नाही. थंडीत दिपूला गोवर निघाला. ताप उतरला, पुरळ मावळलं, कान मात्र वाहतच राहिले.

"गानं पाठवलंस, साखर कोनी दिली?" शेजारची हंसाकाकू उन्नतीला म्हणाली. "फोनातून जाते काय साखर?"

उन्नती साखरेची वाटी घेऊन विनयाच्या दारी गेली.

"लस दिली तेव्हा आमच्या प्रितेशला रात्रभर ताप होता. मीपण घाबरले होते. दुसऱ्या दिवशी अंगणभर धावला. एवढंच लिहायचं होतं गं."

"मग का नाही लिहिलंस?"

उन्नतीकडे गाणी पोतंभर होती. तिने वाटी पुढे केली.

विनयाने वाटी घेतली, न चाखताच ओट्यावर ठेवली. दिपू जमिनीवर डब्यांच्या झाकणांशी खेळत होती. जे गाणं ऐकून ती नाचायची, ते उन्नतीने हळूच धरलं. पोरीने मान वळवली नाही. झाकणावर झाकण ठेवत राहिली.

विनयाने सरकून जागा केली.

"त्या बाजूनं नको, ताई. इकडे बस. या कानानं ऐकते ती थोडं."