चाराचा आठ

अक्षताला प्रोबॅबिलिटी आवडायला लागली ती रेवतीला शिकवता शिकवता. दोघी राहायला मुलुंडला आणि शिकायला घाटकोपरच्या एकाच कॉलेजात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. अक्षताच्या एका खोलीच्या घरात आईचं शिलाई मशीन आणि बाबांचा टीव्ही एकदमच चालायचे, म्हणून अभ्यास रेवतीच्या फ्लॅटवर व्हायचा. रेवतीला बारावीला ढीगभर मार्क. अक्षता मराठी शाळेतली, पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकांशी झटापट करत कशीबशी पास झालेली. पण या विषयात उलटंच झालं. रेवती सूत्रं पाठ करायची आणि नको तिथे चिकटवायची. अक्षता आधी डोळ्यांसमोर प्रसंग उभा करायची, कोण आत, कोण बाहेर, कोण उरलं, आणि मग आकड्यांना हात घालायची.

"तू सरांपेक्षा भारी शिकवतेस यार," रेवती म्हणायची. तेवढ्यावर अक्षताचा आठवडा झकास जायचा.

प्रोबॅबिलिटीची असाइनमेंट तपासून झाल्यावर सबनीस सरांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोघींचे कागद शेजारी शेजारी ठेवले होते.

"बाकी सगळं बरोबर, आणि तिसऱ्या गणितात दोघींची एकच चूक," सर म्हणाले. "चार हवा तिथे आठ. हे योगायोगाने होईल का? कोणी कोणाचं उतरवलं?"

अक्षताने रेवतीकडे पाहिलं. ती आता 'सॉरी सर' म्हणेल, आपण तिच्या बाजूने बोलू, हेसुद्धा तिने मनात ठरवून टाकलं होतं.

रेवती खाली बघत म्हणाली, "सर, ती माझ्या घरी येऊन लिहायची. माझे कागद टेबलावरच असायचे."

शब्द एकही खोटा नव्हता. अक्षताच्या कानांत गरम वाफ भरल्यासारखं झालं.

"तुझे पहिल्या वर्षाचे मार्क बघितलेत मी, अक्षता," सर म्हणाले.

"सर, ती चूक माझीच आहे," अक्षता घाईघाईने बोलू लागली. "मी रफ काम मराठी आकड्यांत करते, शाळेपासूनची सवय. माझ्या चाराची वरची टोकं जुळतात, तो इंग्रजी आठासारखा दिसतो. फेअर करताना मीच फसले. रेवती मराठी आकडे लिहीतच नाही. तिला बसचा नंबरसुद्धा मी वाचून दाखवते."

सरांनी चष्मा वर करून रेवतीला विचारलं, "येतात तुला मराठी आकडे?"

"येतात सर," रेवती म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "आजीने शिकवलेत."

"मग तिला लिहायला सांगा ना सर! एक ते दहा!"

"ही बालवाडी नाही," सर म्हणाले. हाती नवी माहिती आली की आधीचा अंदाज सोडायची तयारी ठेवा, हे त्याच महिन्यात त्यांनी फळाभर गणितं सोडवून शिकवलं होतं. अक्षताला ते लेक्चर फार आवडलं होतं. आता त्यांनी तिच्या कागदावर लाल शाईने शून्य मारलं आणि रेवतीला समज देऊन सोडलं.

जिन्यात अक्षताने रेवतीचा हात धरला. "का गं?"

"चिल ना. तू फायनलला मार्क काढशीलच. मला बाहेर ॲडमिशन घ्यायचीये, माझ्या रेकॉर्डवर हे लागलं तर वाट लागेल."

"आणि सरांनी तुला लिहायला लावलं असतं तर?"

"नसतं लावलं." रेवतीने हात सोडवून घेतला. "तुझ्या आणि माझ्यात ते कोणाचं ऐकतील, हे मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं."

अक्षता जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच रेवतीने शक्यतेचा हिशोब अगदी अचूक केला होता.

त्यानंतर अक्षता कॉलेजच्या लायब्ररीतच अभ्यास करू लागली. परीक्षेआधी रेवतीचे मेसेज आले, आधी गणिताचे, मग नुसतेच 'बोल ना'. तिने उत्तर दिलं नाही. निकालात प्रोबॅबिलिटीच्या लेखी पेपरात ती वर्गात पहिली आली. रेवतीचा तोच विषय राहिला. सबनीस सरांनी अक्षताला कॉरिडॉरमध्ये थांबवलं, पेनाचं टोपण काढलं, लावलं, आणि म्हणाले, "इंटर्नलचे मार्क आता युनिव्हर्सिटीकडे गेलेत. बदलता येत नाहीत."

"हो सर."

"तू तेव्हा नीट सांगायला हवं होतंस."

अक्षताने मान हलवली आणि ती चालू लागली. गेटबाहेर येईपर्यंत रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं. बाहेर येऊन तिने फोन काढला. सर काय म्हणाले ते सांगून कोणाबरोबर तरी त्यांना मनसोक्त शिव्या घालायच्या होत्या. सवयीने बोट रेवतीच्या नावावर गेलं आणि तिथेच थांबलं.

मागून येणाऱ्या मुलींनी तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं.