काजळ फासलेली वात

चोपड्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या त्या खेड्यातील मंडपात भर दुपारीही पाय ठेवण्यास जागा नव्हती. उच्चासनावर विराजमान दिव्यनाथ महाराजांनी नुसता हात उंचावला आणि समोर दूर टांगलेली कापसाची वात, कोणी काडी न लावता, धूर सोडून भडकली!

"जळाली! शेताची बाधा जळाली!" महाराज गरजले. "काडेपेटी कुठे? विज्ञानवाल्यांनो, बोला! अमेरिकासुद्धा गप्प आहे!"

कामिनीची नजर मात्र वातींवर होती. प्रत्येक भक्ताने आपली वात टांगण्यापूर्वी तिला काजळ फासावे, असा नियम होता. गावातले छगनभाऊ काजळ विसरले, त्यांची पांढरीशुभ्र वात तशीच लोंबत राहिली, तेव्हा महाराजांनी "श्रद्धा कच्ची!" म्हणून त्यांनाच मागे पिटाळले. ज्या कृपेला काजळावाचून पेट घेता येत नाही, तिच्याविषयी संशय येणे स्वाभाविकच नव्हे काय?

संशयाहून भय मोठे होते. तिची आई बेबाबाई हिचा एक डोळा काचबिंदूने पूर्वीच गेलेला. उरलेल्या डोळ्यावर महाराज आज 'नेत्रकृपा' करणार होते. वातीच्या जागी उभे राहून आसनामागील मूर्तीच्या कपाळाकडे पापणी न लवविता पाहायचे, एवढाच विधी.

"माय, तू नको जाऊ."

"अवं पोरी, एक डोया ते गया. दुसरा देवना हातमा दिधा ते काय बिघडस?"

कामिनी धुळ्यास अभियांत्रिकी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असे. लेसरचा झोत कोठे किती रुंद व किती प्रखर, हे मोजण्याचे काम तिच्या प्रयोगशाळेत चाले. काजळाचा नियम आईकडून फोनवर ऐकताच, मानवी डोळ्यास न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपणारा तेथील कॅमेरा ती परवानगीने घेऊन आली होती. तिने तो खांबाशी लावून लॅपटॉपला जोडला.

"देवना फोटू काढाले एवढं डबडं?" शेजारी बसलेले नथ्थूआबा हसले. "मोबाईल नही का?"

"आबा, मोबाईलले जे दिखत नही, ते याले दिखस."

"लावा, खुशाल लावा!" महाराज म्हणाले. "देव यंत्रात मावत नाही!"

महाराजांनी हात उंचावला. कामिनीने काठीला बांधलेला पांढरा कागद मूर्तीसमोर धरला. कागदावर कोणालाच काही दिसेना. लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र रुपयाएवढा ठिपका उजळला. मधोमध प्रखर, कडेला उतरता, जणू टेकडीच. कागद वातीकडे सरकवावा तसा तो आकसून ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. किरण मूर्तीच्या कपाळातून निघून वातीवर एकवटत होता.

हात उंचावताना महाराजांचा पाय चादरीआड हलतो, हे हेरून कामिनी म्हणाली, "महाराज, पाय सोडून अवघडला असाल. मांडी घालून आशीर्वाद द्या ना."

"देवाला आसन शिकवतेस?"

"घाला की महाराज!" मागून छगनभाऊ ओरडले. "आम्ही सकाळपासून मांडी घालूनच बसलोय!"

हशा पिकला. महाराजांना मांडी घालावीच लागली. हात उंचावला, पडदा काळाच. पाय हळूच खाली सरकला, ठिपका उजळला. छगनभाऊंनी पुढे येऊन आसनाची चादर ओढली. खाली पायाने दाबायची कळ, कळीची तार मूर्तीच्या पोटात, आणि तेथे लग्नाच्या स्टीलच्या भांड्यांवर नावे कोरणाऱ्या यंत्रातील लेसर!

"उन्हात भिंगाने कागद जाळतात, तसेच हे," कामिनी म्हणाली. "मूर्तीच्या कपाळात भिंग आहे. काळी वात हा प्रकाश शोषून पेटते, पांढरी परतवून लावते. आणि डोळ्यातही भिंगच असते. ते हा किरण आणखी बारीक करून आतल्या पडद्यावर पाडते. दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. माय, तुला कळण्यापूर्वीच डोळा गेला असता."

बेबाबाईचा हात आपसूक डोळ्यावर गेला.

"मना एकच डोया शे रे, मेल्या," ती महाराजांस म्हणाली. "तोबी भांडासारखा कोरी टाकता का?"

बेबाबाई लेकीचा हात धरून डोळ्यांच्या दवाखान्याकडे निघाली.

वाचकहो, देव मानावा की न मानावा, हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न होय. परंतु जो आपल्या देहावर कृपा करू म्हणतो, त्यास ती कशी करणार हे आधी विचारावे. हात त्यानंतरही जोडता येतात; गेलेली दृष्टी मात्र परत आणता येत नाही.