तिसरं पान

आमच्या फुकट प्रोग्रामची माहिती तीन ठिकाणी आहे: प्रोग्राममधली मदत, मी लिहिलेली जाडजूड मार्गदर्शिका आणि वेबसाइटवरचं 'सुरुवात इथून करा' हे पान. तीन तिगाडा, काम बिगाडा. बटणं नाहीत, चित्रं नाहीत; आज्ञा टाइप केली की हा प्रोग्राम कॉम्प्युटरवरच्या फाइलींची नक्कल वेगळ्या डिस्कवर ठेवतो. तिन्हीकडे एकच गोष्ट एकाच शब्दांत सांगायची, हे माझं काम.

त्यातली 'साफ' ही आज्ञा पूर्वी अर्धवट राहिलेल्या नकला तेवढ्या पुसायची. प्रोग्राम लिहिणाऱ्या आमच्या शहाण्यानं गेल्या महिन्यात तिचा अर्थच फिरवला: जे कॉम्प्युटरवर नाही, ते डिस्कवरूनही पुसायचं. नाव मात्र तेच. मी दोन ठिकाणी दुरुस्ती केली. तिसरं पान त्याचं लाडकं, त्यानंच लिहिलेलं. त्याला कळवलं, तर उत्तर आलं, "पानं वाचतं कोण?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, ज्यानं घाण केली त्यानंच निस्तरावी. ते पान बदलायची मुभा मलाही होती. अकरा दिवस मी हट्टानं हात लावला नाही.

बाराव्या दिवशी ताईचा फोन आला. ताई अडखळत बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवते. प्रत्येकाचा पहिल्या दिवसाचा आवाज ती जपून ठेवते आणि वर्षानं त्यालाच ऐकवते. जागा पुरेना म्हणून जुने आवाज तिनं कॉम्प्युटरवरून काढले. आमच्या प्रोग्रामनं ठेवलेली नक्कल डिस्कवर आहेच की. मग त्या पानावर वाचून, अर्धवट नकला तेवढ्या पुसल्या जातील म्हणून, तिनं 'साफ' दिली. नऊ वर्षांचे आवाज गेले.

मी शहाण्याच्या नावानं खडे फोडले. माजलाय, अक्कल गहाण टाकलीय, काय वाट्टेल ते बोललो. वर तिलाच सुनावलं, की आधी मार्गदर्शिका तरी उघडायचीस.

"सुरुवात इथून करा असं लिहिलं होतं," ती म्हणाली, "म्हणून तिथून केली. शब्द न् शब्द वाचला रे. तुझं काम म्हणून दोनदा वाचला."

शहाण्यावरचा राग होता तिथेच होता, पण स्वतःवरचा त्याहून मोठा होता. फोन ठेवून मी ते पान उघडलं. दुरुस्ती एका ओळीची. चार मिनिटं लागली. खाली 'बदलाचं कारण' असा रकाना असतो. त्यात मी शहाण्याच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं: ताई वाचते.