पाव फेरा

आमच्या बेडरूममधल्या कपाटाला दोन दारं आहेत, पण उघडतं एकच. दुसऱ्या दाराला टेकून नवऱ्याचं टेबल आहे आणि त्या टेबलावर त्याचा खरा संसार मांडलेला असतो. सोल्डरिंगची गन, चिमटे, भिंगं, तांब्याच्या चकत्या आणि डबाभर सेल. पलंग आणि टेबल यांच्यामधून मी आडवी होऊन जाते. नवी नवरी असताना जात होते तशी सरळ आता मावतही नाही, पण तो दोष टेबलाचा नाही.

नवरा बाजारातले साधे टॉर्च आणतो, खोलतो, आतला दिवा काढून टाकतो आणि स्वतः निवडलेला दिवा बसवतो. त्याखाली तांब्याची चकती, उष्णता वाहून न्यायला. मग नवं सर्किट, ताकदीचा सेल. परत बंद केला की टॉर्च दिसायला होता तसाच. लावला की समोरच्या टेकडीवरच्या झाडाच्या फांद्या वेगवेगळ्या दिसतात. काचेसमोर काळा कागद धरला तर धूर निघतो. गिऱ्हाइकांना तो धूर बघायला फार आवडतं. मला नाही आवडत, कारण माझ्या घरात ठकू आहे.

ठकू दीड वर्षाची. बटण दिसलं की दाबायचं आणि दाबलेलं तोंडाजवळ न्यायचं, एवढं एकच शास्त्र तिला येतं. रात्री ती झोपली की मी जमिनीवर हात फिरवून तारांचे तुकडे शोधते. सासूबाई म्हणतात, "अगं, आम्ही पण पोरं वाढवली." वाढवली खरी, पण त्यांच्या पलंगाशेजारी कागद जाळणारा दिवा नव्हता.

मागच्या हिवाळ्यात नवऱ्याने तयार टॉर्च ठकूच्या लंगोटांच्या पिशवीत टाकला. दवाखान्याच्या वाटेवर कुरिअरवाल्याकडे द्यायचा होता. बसमध्ये दुधाची बाटली बटणावर दाबली गेली. मला जळका वास आला. पिशवी उघडली तर वरच्या लंगोटाला तपकिरी गोल पडलेला, आणि त्या पिशवीला टेकून ठकू झोपलेली.

तेव्हापासून टॉर्च तयार झाला की मी त्याचं मागचं झाकण पाव फेरा सैल करते. झाकणाच्या आट्यांवर वीज न जाऊ देणारा थर असतो. झाकण पुरतं बसलं नाही तर विजेची वाट तुटते. मग बटण कितीही दाबा, टॉर्च ढिम्म. घट्ट केलं की पुन्हा जिवंत. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक आहे. त्यामुळे सगळ्या जगालाच ठाऊक असेल असं आम्ही दोघं धरून चाललो होतो.

डोंगरात हरवलेल्यांना शोधणारं एक पथक आहे. त्याच्या प्रमुख बाईंना सगळे मावशी म्हणतात. त्यांनी नमुन्याला एक टॉर्च मागवला होता. पसंत पडला तर पथकातल्या सगळ्यांसाठी घेणार होत्या. तसं झालं तर खाली लाँड्रीशेजारचा रिकामा गाळा आम्हाला परवडणार होता. नवरा त्या गाळ्यावर लावायची पाटी रंगवत होता. मला पाटीशी देणंघेणं नव्हतं. मला ते टेबल जिना उतरताना बघायचं होतं.

फोन आला तेव्हा मी ठकूला भात भरवत होते. नवऱ्याने तो स्पीकरवर घेतला.

"तुमचा टॉर्च लागत नाही," मावशी म्हणाल्या.

"लागत नाही म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे बटण दाबलं की लागत नाही. याहून सोपं कसं सांगू? सगळ्यांना गोळा करून दाबला. लोक हसले. आत हात लावू नका म्हणाला होतात, म्हणून उघडला नाही."

माझा घास हवेतच राहिला. "झाकण," मी म्हणाले.

नवऱ्याने फोनवर हात ठेवला. "सैल केलं होतंस?"

"नेहमी करते."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"बोलणं तुझं चाललं होतं. मला वाटलं तू सांगितलंस."

"मला वाटलं तू."

"तुम्हा दोघांना नुसतं वाटतच असतं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "आधी त्या बाईंना उत्तर द्या."

नवऱ्याने झाकणाचं सांगितलं. मग मावशी म्हणाल्या, "अंधारात, हातात जाड मोजे असताना, झाकण सैल आहे की घट्ट हे माझ्या माणसाने कसं ओळखायचं? राहू द्या. येऊन तुमची वस्तू घेऊन जा."

आम्ही ठकूला घेऊन निघालो. बसमध्ये नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "यापुढे झाकण घट्ट करूनच पाठवायचं."

"मग ज्या घरात तो जाईल तिथलं मूल कोणी बघायचं?"

"सगळ्यांच्या घरात ठकू नसते गं."

"पिशवी तर असते ना?"

ठकू पुढच्या आजोबांच्या टोपीशी बोलत राहिली.

पथकाचं सामान एका बिनखिडकीच्या शेडमध्ये होतं. भिंतीवर दोर, कोपऱ्यात स्ट्रेचर, फळीवर हेल्मेटं. मावशी ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सोबत त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. नवऱ्याने झाकण आवळलं, ड्रायव्हरने शटर ओढलं आणि टॉर्च लागला. समोरच्या दोराचा धागान् धागा दिसला. कोळ्याच्या जाळ्याची सावली छपरापर्यंत गेली.

"आई शप्पथ!" ड्रायव्हर म्हणाला. "मावशी, तुमच्या डोक्यावरचे पांढरे केस मोजू का?"

"तू आधी गाडीतलं तेल मोज." मावशींनी टॉर्च मागून घेतला, बंद केला. "उजेड चांगला आहे. पण मला हमखास लागणारा दिवा हवा. लागला तर लागला असा नको."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. घट्ट करून देतो म्हण, विषय संपव, असं त्या नजरेत होतं. मलाही टेबल खाली जायला हवं होतं. एक होकार दिला असता तर गेलं असतं. पण तोंड उघडलं तर बाहेर लंगोटाची गोष्टच आली. वासापासून, तपकिरी गोलापासून, सगळी.

ड्रायव्हर हसला नाही. त्याने खुंटीवरची सॅक काढली आणि आतून बोट घालून एक जळकं भोक दाखवलं. "आमचा जुना टॉर्च. वाटेतच सॅकमध्ये लागून बसला. वर पोचलो तर सेल खलास. त्या हरवलेल्या पोराला मग मोबाइलच्या उजेडात शोधलं. मावशी मला किती बोलल्या!"

"अजून बोलते," मावशी म्हणाल्या. मग सावकाश, "म्हणजे सैल हवंच. पण हाताला कळायला हवं."

ठकूच्या पिशवीत तिच्या खोकल्याच्या औषधाची बाटली होती. मुलांना उघडता येऊ नये अशी. झाकणावरचा बाण बाटलीवरच्या बाणासमोर आला तरच निघणारी. मी ती नवऱ्यासमोर धरली. त्याने बाटली फिरवली, पुन्हा फिरवली, आणि टेबलाशी बसल्यावर होतो तसा मुका झाला. मग म्हणाला, "कानस आहे का कुणाकडे?"

झाकणाच्या कडेला एक खाच, टॉर्चच्या अंगावर एक. घट्ट बसलं की दोन्ही समोरासमोर. ड्रायव्हरने जाड मोजे चढवले, हात पाठीमागे नेले. नवरा टॉर्च देत गेला, तो अंगठा फिरवून सांगत गेला. "सैल. घट्ट. घट्ट. सैल. अहो, झोपेत सांगेन!" एकदाही चुकला नाही.

त्या गडबडीत टॉर्च बाकावर राहिला आणि ठकू माझ्या हातून सुटली.

मी वळले तेव्हा काच तिच्या डोळ्याला लागलेली होती आणि बोट बटणावर. तिने दाबलं. पुन्हा दाबलं. जीभ बाहेर काढून, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. काहीच झालं नाही. तिने टॉर्च उलटा करून पाहिला आणि मोडकं खेळणं द्यावं तसा मावशींच्या हातात दिला.

"गेलं," ती म्हणाली.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा अंगठा खाचेवर गेला, झाकण फिरलं, आणि छपरावर पांढरं वर्तुळ उमटलं.

"आलं!" ठकू ओरडली.

"आलं बाई," मावशी म्हणाल्या. मग नवऱ्याला, "सगळ्यांना एकेक करा. आणि खाच जरा खोल घ्या. माझा अंगठा आता म्हातारा झालाय."

टेबल काल खाली गेलं. जिन्याच्या वळणावर अडकलं तेव्हा लाँड्रीवाला, नवरा आणि सासूबाई असे तिघं तीन दिशांना ओढत होते. मी ठकूला कडेवर घेऊन वरून बघत होते. मला इतकं हसू येत होतं की नवरा चिडला.

कपाटाचं दुसरं दार आता उघडतं. ठकू सकाळपासून ते उघडतेय, मिटतेय, उघडतेय. बिजागरीत बोट सापडेल म्हणून मी शेजारीच बसले आहे. पण तिला थांबवायला मी अजून दाराला हात लावलेला नाही.