माटोळीला बांधलेले पट्टे

"एक दिवस काय जाता गो, सत्यवतीवयनी?" मधुकर म्हणाला, आणि माझं टाळकंच सटकलं.

चतुर्थीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. म्हापशाच्या खास मुलांच्या शाळेची व्हॅन सकाळी कोरगावात आमच्या दारात येते. गाडीत सगळ्यांत आधी चढते ती माझी गौरवी, त्यामुळे गाडी रिकामी होती. पोर चाकांच्या खुर्चीवर, मांडीवर दप्तर, केसांत अबोली. फळी टाकून खुर्ची आत ढकलली आणि खाली बघते तर लोखंडी कड्या मोकळ्या! खुर्ची गाडीच्या तळाला जखडणारे चारही पट्टे गायब.

"पट्टे खंय गेले?"

मधुकर आमचा ड्रायव्हर, आमच्याच वाड्यावरचा. मान खाली घालून पुटपुटला, "माटोळीक बांधलंय."

घ्या! गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती फळाफुलांची लाकडी चौकट लोक केवणीच्या झाडाच्या सालीने बांधतात. पण ह्याने यंदा स्पर्धेत नाव दिलेलं. नारळाचे घोस काय, सुपारीचे घड काय, रानातली फळं काय! माटोळी एवढी जड केली की सालीचा भरवसा वाटेना, म्हणून गाडीचे पट्टे घरी नेले. आणि एकदा बांधलेली माटोळी गणपती पोचवेपर्यंत कोणी सोडत नाही. ह्याचा गणपती नऊ दिवसांचा, म्हणजे उद्यापर्यंत.

"ही बघ, नवी नायलॉनची दोरी हाडलंय," तो म्हणाला. "घट्ट बांधतंय. सुविधा धरून रवतली."

मुलांना सांभाळायला गाडीत असते ती सुविधा. ती म्हणाली, "नायतर आज घरी ठेय तिका."

"मी रवाचंय नाय," गौरवीने लगेच सुनावलं. "आज मातीकाम आसा."

आणि मी तरी का ठेवू? गेल्या वर्षी कोलवाळच्या पुलाकडच्या वळणावर खुर्ची कलंडली, पोरीची हनुवटी फुटली. तेव्हाही दोरीच होती. टाके घालताना ती माझा हात सोडत नव्हती. त्यानंतर आम्ही आयांनी शाळेचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे हे पट्टे आले. ते काय नारळ टांगायला?

"दोरी बळकट आसा मां?" मी विचारलं.

"होय तर! बैल बांधलो तरी सुटाचो नाय."

"मगे चल तुझ्या घरी. दोरी माटोळीक बांध, पट्टे माका दी."

खुर्ची खाली उतरवली आणि ढकलत निघालेच. मधुकर मागून "वयनी, वयनी" करत आला. त्याची आई आनंदीकाकी गणपतीसमोर वाती वळत बसली होती. वर बघितलं तर माटोळीच्या चारही कोपऱ्यांना आमचे निळे पट्टे, वाशांना आवळलेले.

माझं म्हणणं ऐकून काकी दचकली. "अगो बाय, बांधलेली माटोळी सोडतत काय?"

"सोडूची नाय, फकत दोरी बदलूची," मी म्हटलं.

"दोरीचो काय भरवसो?" मधुकर ओरडला. "सुटली तर सगळी माटोळी देवार पडतली!"

बोलला, आणि स्वतःच हातातल्या दोरीकडे बघितलं.

"आणि सुटान माझा चेडू पडला तर?"

देवासमोर आवाज चढवू नये हे मलाही कळतं. पण राग आला तो आलाच, आणि त्याच्याबरोबर मेलं रडूही आलं.

काकीने उंबऱ्याबाहेरच्या गौरवीकडे बघितलं. हनुवटीवरचा व्रण अजून दिसतो. वाती खाली ठेवून ती उठली.

"मधु, शिडी हाड."

"आये, स्पर्धेवाले उद्या येतले..."

"शिडी हाड म्हटलंय!"

तो शिडीवर चढला तशी काकीने हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझी माटोळी सोडतंव. चुकला-माकला तर माझ्या पदरात घाल. पण ह्या चेडवाक रोज सुखरूप ने आणि सुखरूप हाड."

"होय म्हाराजा," मी म्हटलं. गौरवीही बाहेरून मोठ्याने म्हणाली. काकी वर बघत उभी राहिली, तेव्हा शिडीवरून मधुकरही हळूच म्हणाला, "होय म्हाराजा."

दोरीचा भरवसा मधुकरलाच नव्हता, म्हणून जड घोस सगळे खाली उतरले. हलकी फळं तेवढी केवणीच्या सालीवर राहिली. स्पर्धा गेली उडत.

गाडीत मधुकरने चारही पट्टे कड्यांत अडकवून ओढले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. गौरवीने अंग पुढेमागे झोकून खुर्ची हलवून बघितली.

"मागचो डावो सैल आसा," ती म्हणाली.

मधुकर उतरला. मागे आला, गुडघे टेकून पट्टा आवळला.

"आता?"

तिने पुन्हा खुर्ची हलवली. तो तसाच गुडघ्यांवर, तिच्या तोंडाकडे बघत थांबला होता.

"आता चल," गौरवी म्हणाली.