सात फायली, एकच सेकंद

आमच्या लायब्ररीत पुस्तकं नसतात. सी भाषेतले प्रोग्रॅम जिच्या आधाराने चालतात, ती ही लायब्ररी. फाइल उघडायची, वेळ विचारायची, फाइलवर तारीख टाकायची, असली हमाली ती करते. जगभरातले आम्ही अकरा जण ती फुकट सांभाळतो आणि त्यातला एकही मला कधी भेटलेला नाही. मळवलीत माझ्या घराच्या दोन्ही बाजूंचे बंगले सोमवार ते शुक्रवार कुलपात असतात. शनिवारी स्पीकर घेऊन माणसं आली की मला कुलपंच बरी वाटतात.

जुन्या पद्धतीत वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात आणि तो आकडा ठेवायला जागा बेताची. १९ जानेवारी २०३८ला आपल्याकडे सकाळचे आठ चव्वेचाळीस झाले की जागा संपते. त्यापुढची तारीख टाकली की ती उलटून थेट १९०१च्या मागेपुढे जायची. मला तो वेडेपणा खपत नव्हता. म्हणून दहा वर्षांपूर्वी मी चार ओळी लिहिल्या: पुढची कुठलीही तारीख आली तर तिला त्या शेवटच्या सेकंदावर थांबवायचं. माझं कौतुकही झालं होतं. यंदा आम्ही ती जागाच दुप्पट केली. तीन महिने खपलो आणि मंगळवारी सगळ्या चाचण्या पास झाल्या.

कुणाला सांगावं म्हणून घरभर फिरलो. कुणी नव्हतं. मग म्हटलं, एक खरी चाचणी करू, अपेक्षाच्या फायलींवर.

अपेक्षा माझी बायको, वडगावच्या कोर्टात कारकून. चार वर्षांपूर्वी सदतिसाव्या वर्षी गेली. जाण्याआधी तिने यशोधरेच्या, आमच्या मुलीच्या, पुढच्या वाढदिवसांसाठी निरोप बोलून ठेवले. पंधराव्यापासून सदतिसाव्यापर्यंत. “माझ्या वयाची झाली की थांबते,” म्हणाली, “त्यापुढचं मला तरी कुठं माहितीये?” आधी लांबचे वाढदिवस बोलली, तेही मनात येतील तसे. जवळचे ती स्वतःच करणार होती; ते जमणार नाही हे कळल्यावर अगदी शेवटी तेही बोलली.

ज्या वाढदिवसाचं ते त्याच दिवशी ऐकायचं, अगोदर कुणी नाही, मीही नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. फायलींच्या नावात वय लिही, असंही म्हणाली. मी हसलो. नाव कुणीही बदलतं, तारीख पक्की, मी प्रत्येक फाइलवर त्या त्या वाढदिवसाची तारीखच टाकतो, असं तिला ऐकवलं. कोर्टातल्या बाईला मी तारखेचं महत्त्व शिकवत होतो.

दर ऑगस्टला, वाढदिवशी, मी तारखेप्रमाणे लागलेल्या यादीतली पुढची एक फाइल काढून नागपूरला यशोधरेच्या हॉस्टेलवर पाठवतो. यादीच्या शेवटापर्यंत कधी गेलो नव्हतो. मंगळवारी गेलो. शेवटच्या सात फायलींवर एकच तारीख होती: १९ जानेवारी २०३८, आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं, सात सेकंद. माझ्याच चार ओळी. तारखा उलटल्या असत्या तर आकडेमोड करून परत मिळाल्या असत्या. मी त्या सभ्यपणे थांबवल्या आणि पुसून टाकल्या. नवी लायब्ररी पुढच्या अब्जावधी वर्षांच्या तारखा ठेवू शकते, पण गेलेली एकही परत आणू शकत नाही.

म्हणजे ऐकणं आलं. नाहीतर एकतिसाव्या वर्षी मुलीला सदतिसाव्याचा निरोप जायचा. शेजारच्या बंगल्याची देखभाल करणाऱ्या झुंबरबाई कुंपणापाशी आल्या. “संदेशभाऊ, जेवला का न्हाई?” त्यांनी विचारलं. जेवलो म्हणालो. दुपारचे तीन वाजले होते आणि सकाळपासून पोटात चहाच होता.

मी पहिली फाइल लावली. चार वर्षांत न ऐकलेला, तिच्या चांगल्या दिवसांतला आवाज. पाठवलेल्या फायली त्या त्या वाढदिवशी मी ऐकल्या होत्या, त्यांत तो पार बारीक झाला होता.

“यशू, आज तू चौतीस वर्षांची झालीस,” अपेक्षा म्हणाली. मग जरा थांबून: “संदेश, झालं तुझं काम. आता बंद कर, बाकीचं तिचं आहे. तारखेचा भरवसा काय असतो, ते मी कोर्टात रोज बघते.”

मी बंद केली. खूप राग आला आणि खूप रडलो. तिला माहीत होतं. मला न दुखवता तिने माझी चूक आधीच सांभाळून ठेवली होती.

दुसरी एकतिसाची निघाली, तिसरी छत्तिसाची. प्रत्येकीत आधी वय, मग तेच: संदेश, बंद कर. मी निमूट बंद करत गेलो आणि या वेळी नावात वय लिहीत गेलो. सहा झाल्या. उरलेली सदतिसाचीच असणार, ती लावायची गरजच नव्हती.

तरी लावली. वय सांगून झालं, बंद कर म्हणून झालं. या वेळी मी बंद केली नाही. रेकॉर्डिंगमध्ये मागून मळवलीला थांबणाऱ्या गाडीचा हॉर्न वाजला. तिने गाडी जाऊ दिली.

“अजून ऐकतोयस ना?” ती म्हणाली. “ऊठ, जेवून घे.”

मी फाइल बंद केली, नावात सदतीस लिहिलं आणि कुकर लावला.